दुसऱ्या चॅनेलवरचे मेव्हणे

माझा नवरा काचवाला, माझा भाऊ नळवाला आणि मी कानवाली. म्हणजे नवरा खिडक्यांना काचा बसवतो, दादा नळ आणि पाण्याच्या टाक्या दुरुस्त करतो, आणि मी ऐकू न येणाऱ्यांना कानाची यंत्रं लावून देते. हे झाले पोटापाण्याचे उद्योग. आमच्या गावात पगारी अग्निशमन दल नाही, शेजारच्या गावातही नाही. दोन्हीकडे हौशी माणसं आपापली कामं टाकून बंबाकडे धावतात. आमच्या दलाचा कप्तान माझा नवरा. शेजारच्या दलाचा कप्तान माझा थोरला भाऊ. आदल्या दिवशी आगीत काच फोडायची आणि दुसऱ्या दिवशी तीच बसवायला जायचं, यावरून आमच्या कप्तानांना गावात बरेच टोमणे बसतात. दादाला कुणी टोमणा मारत नाही, कारण तो व्याजासकट परत करतो.

या दोघांत चार वर्षं विस्तव जात नव्हता. आगी विझवणाऱ्यांबद्दल असं म्हणणं बरं दिसत नाही, पण खरं ते खरं. कारण होतं एक शिडी. दोन गावांच्या मधल्या लाकडाच्या वखारीला आग लागली तेव्हा दोन्ही दलं धावली, दोघांनी मिळून ती विझवली, आणि सगळे एकमेकांच्या पाठी थोपटत उभे असताना कुणाचा तरी बंब मागे येता येता शिडीवरून गेला. शिड्या दोन होत्या, एकाच कारखान्यातल्या, एकाच उंचीच्या. आता एक सरळ राहिली आणि दुसरी केळ्यासारखी झाली. ‘सरळ शिडी आमची’ असं दोन्ही कप्तान एका दमात म्हणाले. आमच्या माणसांनी ती आधी उचलली. झालं.

दादा आमच्याकडे जेवायला यायचा, नाही असं नाही. पण बोलणं सगळं माझ्यामार्फत.

“चिमे, तुझ्या नवऱ्याला सांग, मीठ सरकवा.”

“अहो, दादा मीठ मागतोय.”

“मेव्हणेबुवांना सांग, मीठ त्यांच्या डाव्या हाताला आहे. आणि हेही सांग की ते आम्ही विकत आणलंय.”

दोघं एका टेबलाशी, हाताच्या अंतरावर. मी मधे. दिवसभर दुकानात बहिऱ्यांशी ओरडून बोलावं आणि घरी येऊन धडधाकट कानांच्या दोन माणसांना एकमेकांचं बोलणं पोचवावं, असा माझा संसार चालला होता.

अशात जिल्ह्याच्या मुख्य कचेरीतून पत्र आलं. येत्या एक तारखेपासून आमच्या दोन्ही दलांच्या पेजरांनी दोन्ही चॅनेलं ऐकली पाहिजेत. झालं होतं असं, की महिन्यापूर्वी शेजारच्या गावाच्या वेशीवर गवताची गंजी पेटली. आमचे तीन जण तिथून हाकेच्या अंतरावर मासे धरत बसले होते. त्यांच्या कमरेला पेजर होते, पण पेजर ऐकत होते फक्त आमचं चॅनेल. गंजी जळून गेली आणि आमचे तिघं मासे घेऊन घरी आले.

दलाच्या रेडिओंची जबाबदारी माझ्याकडे. कानांचं काम करते म्हणून मला ती चिकटली ती चिकटलीच. दादाच्या दलात या विद्येचा कुणी नाही, म्हणून त्यांचे पेजरही मीच लावून द्यायचे असं ठरलं.

हा पेजर म्हणजे साबणाच्या वडीएवढी डबी. कमरेला अडकवायची. एरवी मुकी. पण जिल्ह्याच्या कंट्रोल रूममधून आपल्या दलाचे दोन सूर वाजले, आधी एक, मग लगेच दुसरा, की डबी जागी होते, किंचाळते आणि कंट्रोलच्या बाईंचा आवाज ऐकवते: कुठे, काय पेटलंय. सूर आपले नसतील तर ढिम्म. तिला दोन चॅनेलं ऐकायला लावायची तर एक गोष्ट समजून घ्यावी लागते. कान तिला एकच. पहिल्या चॅनेलवर क्षणभर कान द्यायचा, मग दुसऱ्यावर, परत पहिल्यावर, असं तिचं अखंड चालतं. आणि एखाद्या चॅनेलवर कुणी बोलत असलं आणि तिला ते ऐकायची मुभा दिलेली असली, तर ती तिथेच रेंगाळते. नाक्यावर भांडण बघत उभ्या राहिलेल्या माणसासारखी. तेवढ्या वेळात दुसऱ्या चॅनेलवर जग बुडालं तरी तिला पत्ता लागत नाही.

हे मला माहीत होतं. माहीत असूनही जे झालं ते झालं.

रविवारी सकाळी मी बंबघराच्या टेबलावर संगणक मांडला. पेजर एका खाचेत बसवायचा, तिला आम्ही पाळणा म्हणतो, आणि संगणकातली फाईल तारेतून त्याच्यात सोडायची. आमची अकरा माणसं ओळीने आली. दातांचे डॉक्टर, बँकेतले कॅशियर, कवायतीचे मास्तर, सगळे. शेवटी आल्या पोस्टमास्तरीणबाई. पोस्टातून निवृत्त होऊन सात वर्षं झाली, वय सदुसष्ट, आणि बंब चालवण्यात त्यांचा हात धरणारा दोन्ही गावांत कुणी नाही. त्यांनी पेजर कमरेवरून काढलाच नाही.

“बाई, द्या की इकडे.”

“कशाला?”

“दुसरं चॅनेल घालायचंय.”

“मी चाळीस वर्षं एका खिडकीत एकच काम केलं,” त्या म्हणाल्या. “शेजारच्या खिडकीत काय चाललंय हे ऐकत बसले असते तर एक पत्र धड पोचलं नसतं. माझा असू दे एककानी.”

कप्तान त्यांना घाबरतात. मीही घाबरते. तो एक पेजर राहिला.

शनिवारी रात्री चाचणीसाठी मी माझ्या स्वतःच्या पेजरला दोन्ही चॅनेलं सताड उघडी ठेवली होती. सूर वाजोत न वाजोत, दोन्हींवरचं पान न् पान हललेलं ऐकू यावं म्हणून. नंतर ती बंद करायची होती. आणि सगळ्यांसाठी नमुना म्हणून फाईल घेतली ती नेमकी माझ्याच पेजरमधली. एकामागून एक दहा पेजर पाळण्यात घातले आणि दहाही जणांना आपलं दार आणि शेजाऱ्यांचंही उघडून दिलं. संध्याकाळी दादाच्या बंबघरात जाऊन त्याच्या नऊ पेजरांत तीच फाईल उलटी करून घातली. त्यांनाही दोन्ही दारं उघडी. घरी येऊन मी पाय पसरून बसले आणि कप्तानांना म्हणाले, “बघा, एका दिवसात उरकलं.”

सोमवारी अकरा वाजता माझ्या दुकानात एक निवृत्त न्यायाधीश बसले होते. दोन वर्षं चालढकल करून शेवटी मुलीने त्यांना धरून आणलं होतं. मी त्यांच्या कानात यंत्र बसवलं, चालू केलं आणि विचारलं, “येतंय का काही ऐकायला?”

त्याच क्षणी माझ्या कमरेवरून दादाचा आवाज आला.

“एक, दोन, तीन. सकाळची तपासणी. पंप ठीक. पाइप ठीक. दोर ठीक. शिडी वाकडी. सरळ शिडी चोरांच्या घरी. ओव्हर.”

न्यायाधीशांनी माझ्याकडे पाहिलं. “यंत्र उत्तम आहे,” ते म्हणाले, “पण हे आरोप कुणावर?”

दादा रविवार सोडून रोज अकरा वाजता ही तपासणी वॉकीटॉकीवरून आपल्या माणसांना ऐकवायचा, हे मला ठाऊक होतं. शिडीचं कलम त्यात रोज असतं, हे मात्र मला नवीन होतं. चार वर्षं! आणि आज ते आमच्या गावात दहा कमरांवरून एकदम जाहीर झालं होतं. बँकेत, दवाखान्यात, कवायतीच्या मैदानावर. आणि काचेच्या दुकानात.

दुकानात काय झालं ते मला नंतर तिथल्या गिऱ्हाइकाने सांगितलं. आमचे कप्तान त्या वेळी एक पुरुषभर उंचीचा आरसा दोन्ही हातांत धरून उभे होते, दुसरं टोक गिऱ्हाइकाच्या हातात. ‘चोरांच्या घरी’ ऐकलं आणि कप्तान लाल झाले. आरसा सोडता येईना. स्वतःचाच लाल चेहरा समोर. आरसा एकेक पाऊल टाकत नेऊन भिंतीला टेकवेपर्यंत त्यांनी ओठ मिटून धरले आणि मग वॉकीटॉकी उचलला.

“आमच्या गावात चोर नाहीत. ज्यांना बंब मागे घेता येत नाही त्यांनी शिड्यांबद्दल बोलू नये. ओव्हर.”

हे ते बोलले आमच्या, म्हणजे पहिल्या चॅनेलवर. आणि दादाच्या गावात नऊ कमरांवरून ते वाजलं. दादाने दुसऱ्या चॅनेलवरून उत्तर दिलं. कप्तान परत पहिल्यावर. पेजर बिचारे एककानी, ते इकडचं अर्धं आणि तिकडचं अर्धं पकडू लागले. माझ्या कमरेवर जे वाजत होतं ते असं: “तुमच्यासारखा माणूस मी... फार चांगली निगा राखली... वखारीच्या दिवशी दारात झोपून... माझ्या बहिणीला विचारा!”

“हे दोघं मित्र आहेत का?” न्यायाधीशांनी विचारलं. त्यांना दोन वर्षांत एवढं सलग काही ऐकू आलं नव्हतं, आणि ते खुर्ची सोडायला तयार नव्हते.

तेवढ्यात दादा म्हणाला, “हिंमत असेल तर आमच्या चॅनेलवर येऊन बोला, जावईबापू!” आणि आमचे कप्तान गेले. खटका फिरवला आणि दुसऱ्या चॅनेलवर. आता दोन्ही कप्तान एकाच चॅनेलवर भांडत होते, दोन्ही गावांचे एकोणीस पेजर आणि वर माझा धरून वीस, सगळे तिथेच कान लावून बसले होते, आणि पहिल्या चॅनेलकडे कुणाचंच लक्ष नव्हतं.

मी न्यायाधीशांना तिथेच सोडून काचेच्या दुकानाकडे पळत सुटले.

आणि त्याच सुमाराला पहिल्या चॅनेलवर कंट्रोलच्या बाई आमचे सूर वाजवत होत्या. एकदा, दोनदा, तीनदा. बँकेच्या मागच्या खोलीत रद्दी कापायच्या यंत्राने पेट घेतला होता. बँकेच्या मागच्या गल्लीतल्या एका गृहस्थाने धूर पाहून फोन केला होता. बँकेत पुढच्या बाजूला कॅशियर आपल्या जागेवर बसले होते, पेजर काढून काउंटरवर ठेवलेला, आवाज मोठा, आणि रांगेतली माणसं रांग मोडून त्याच्याभोवती जमलेली. “आता कप्तान काय म्हणतात बघा,” असं कॅशियर सांगत होते, तेवढ्यात बाहेर बंबाची घंटा वाजली.

दार उघडून पोस्टमास्तरीणबाई आत आल्या. एकट्या. डोक्यावर शिरस्त्राण, हातात पाण्याचं छोटं नळकांडं.

“बाई, तुम्ही इथे कशा?” कॅशियर उठून उभे राहिले.

“तुमच्या पाठीमागे धूर आहे,” बाई म्हणाल्या. “सरका.”

अकरा पेजरांपैकी एकच वाजला होता, एककानी. बाईंनी बंबघर उघडलं, एकट्याने बंब काढला, चौकातून वळवला, आणि आग कपाटाला लागायच्या आत विझवली. यंत्र गेलं, दोन खोकी रद्दी गेली, एका भिंतीला काजळी आली. आणखी पाच मिनिटं गेली असती तर काय झालं असतं ते कॅशियर अजून सांगतात, आणि दर वेळी त्यांना बसावं लागतं.

मी दुकानात पोचले तेव्हा कप्तान वॉकीटॉकी हातात धरून गप्प उभे होते. कारण बोलत होत्या कंट्रोलच्या बाई. त्यांचा आवाज नेहमी सारखाच असतो, घर जळो की मांजर झाडावर चढो.

“दोन्ही कप्तानांनी ऐकावं. पहिल्या चॅनेलवर मी तीनदा सूर वाजवले. आजपासून पंधरा दिवस कामाच्या शब्दाशिवाय तुम्हा दोघांपैकी कुणीही काही बोलणार नाही. तुमच्या शिडीची हकीकत मला पाठ झाली आहे. ओव्हर.”

मी स्टूल ओढून बसले. “चूक माझी आहे,” मी म्हणाले, आणि फाईलचं सगळं सांगितलं.

“तुझी नाही,” कप्तान म्हणाले. “तुझ्या भावाची.”

दुपारी दादाला फोन केला. “तुझी नाही, चिमे. तुझ्या नवऱ्याची.”

दोघांनी मला इतकं झटकन माफ केलं की मला रडू आलं. दुसऱ्याच्या माथी मारायला मिळाली म्हणून माझी चूक दोघांनाही गोड लागली होती. पण बँकेच्या त्या काळ्या भिंतीसमोर जाऊन उभी राहिले तेव्हा मला ठाऊक होतं ती कुणाची. मी संध्याकाळी सगळे पेजर परत गोळा केले.

या वेळी घाई केली नाही. दोन्ही चॅनेलांची दारं बंद केली, नुसते सूर ऐकायचे, गप्पा नाहीत. आपलं चॅनेल मुख्य ठरवलं. दुसरीकडे काहीही वाजत असलं तरी डबीने मधून मधून वळून आपल्या घराकडे बघायचंच. मग एकेक पेजर समोर ठेवून कंट्रोलच्या बाईंना चाचणीचे सूर वाजवायला सांगितले. आमचं चॅनेल पाचपैकी पाच. शेजारचं पाचपैकी दोन.

मी परत फाईल पाहिली. बरोबर होती. अर्धा तास डोकं धरून बसले, आणि मग लक्षात आलं. पहिला सूर वाजतो एक सेकंद. डबी आमच्या चॅनेलवरून वळून तिकडे पोचेपर्यंत तो अर्धामुर्धा होऊन जातो. तिला ऐकू येतो नुसता दुसरा, आणि एका सुराला ती दार उघडत नाही.

“बाई,” मी कंट्रोलला फोन लावला, “पहिला सूर जरा लांबवता येईल का?”

“वीस वर्षं तो एवढाच आहे.”

“वीस वर्षं ऐकणाऱ्याला एकच दार होतं.”

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला. मग त्या म्हणाल्या, “किती लांबवू?”

तीन सेकंदांवर दहापैकी दहा वाजले. मी दहाही वेळा टेबलावर हात आपटला.

त्यानंतर नऊ दिवसांनी, बुधवारी, दुपारी बारा वाजता सूर आले. आमचे नव्हेत, शेजारचे. सगळ्यांच्या कमरांवर एकदम. बाईंचा आवाज:

“दुसरं चॅनेल. लॉन्ड्रीच्या इमारतीवरची पाण्याची टाकी. टाकीच्या तोंडात एक इसम अडकला आहे. इसम स्थूल बांध्याचा आहे. त्या गावचं दल रुळांच्या कडेचं गवत विझवायला गेलेलं आहे, म्हणून शेजारच्या दलाने जावं. टाकीची लोखंडी पायरी तुटलेली आहे. शिडी न्यावी.”

मी दुकान बंद करून बंबघरात पोचले तेव्हा कप्तान बंबावर चढत होते. आमच्या दोघांच्या डोक्यात एकच विचार होता. त्या गावात टाक्यांत उतरणारा माणूस एकच आहे.

पोस्टमास्तरीणबाई बंब चालवायला बसल्या होत्या. कप्तानांनी वॉकीटॉकी दुसऱ्या चॅनेलवर घेतला. आमची दोन माणसं मोटारसायकलवरून आधीच पुढे निघाली होती, त्यांना ते सूचना देऊ लागले.

“टाकी फोडायची नाही, ऐकताय? हातोडा वर न्यायचाच नाही. ओढायचं पण नाही. त्यांची पाठ अधू आहे, वखारीच्या आगीत तुळई पेलून धरली होती माझ्यासाठी, तेव्हापासून. त्यांच्याशी बोलत राहा. वरून कितीही आरडाओरडा केला तरी माणूस आतून घाबरट आहे. अंधाऱ्या जागेत त्यांचा जीव गुदमरतो, बहिणीलासुद्धा सांगत नाहीत. आणि मी येतोय हे सांगू नका. रागाने फुगतील आणि आणखी घट्ट बसतील. ओव्हर.”

मी बंबात त्यांच्या शेजारी बसले होते. चार वर्षांत एवढी वाक्यं दादाबद्दल त्यांच्या तोंडून मी ऐकली नव्हती. तुळईचं तर कधीच नाही.

आता जे त्यांच्या ध्यानात नव्हतं, आणि घाईत माझ्याही, ते असं. सूर वाजून पेजर एकदा उघडला की बटण दाबून बंद करेपर्यंत तो उघडाच राहतो. दादाच्या कमरेला त्याचा पेजर होता. कमर टाकीच्या तोंडाच्या खाली, आतल्या बाजूला. हात आणि डोकं वर, बाहेर. बटण दाबायला हात पोचत नव्हता. म्हणजे स्वतःच्या नावाने सूर वाजले ते दादाने स्वतःच्याच कमरेवर ऐकले, मग ‘स्थूल बांध्याचा’ हेही ऐकलं, आणि त्यानंतर कप्तानांचं एकूण एक वाक्य. रिकाम्या टाकीत तो आवाज असा घुमत होता की खाली लॉन्ड्रीवाल्यालाही शब्द न् शब्द कळत होता.

आम्ही पोचलो तेव्हा रस्त्यात गर्दी होती आणि वरून एक विचित्र आवाज येत होता.

“रडतायत का?” कप्तानांनी लॉन्ड्रीवाल्याला विचारलं.

“नाही,” तो म्हणाला. “हसतायत. तुम्ही ते फुगण्याचं बोललात तेव्हापासून.”

शिडी लावली. कप्तान पुढे, मागे मी, मागे बाई. टाकीच्या छपरावर दादा छातीपर्यंत बाहेर, जसा केकवरचा पुतळा, तोंड लालबुंद, डोळ्यांतून पाणी. कमरेच्या पट्ट्यातले पाने आणि पक्कड त्या गोल तोंडाच्या कडेला आतून अडकले होते. आत उतरताना पट्टा खांद्यावर होता, वर येताना कमरेला.

कप्तान त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले. दोघं माझ्याकडे बघू लागले. सवयीने.

“मी काही सांगणार नाही,” मी म्हणाले. “माझं दुकान बंद आहे आज.”

दादाने बाहीने डोळे पुसले. मग दादा म्हणाला, “घरात सगळ्यांसमोर म्हणालात तर एक वेळ ठीक. रेडिओवर घाबरट म्हणता?”

“तुम्ही ऐकत होतात?”

“कमरेला स्पीकर बांधलाय तुमच्या बायकोने!”

आता कप्तान लाल झाले. ते काहीतरी बोलायला गेले आणि त्यांच्या तोंडून नुसता एक चमत्कारिक हुंकार निघाला. दादाला परत हसू फुटलं. असं खदखदून हसताना छातीतली सगळी हवा गेली, आणि माणूस सर्रकन खाली गेला. धप्प आवाज झाला. मग आतून कण्हणं.

“दादा!” मी ओरडले.

“मोकळा झालो,” आतून आवाज आला. “चुकीच्या बाजूला.”

पट्टा सोडून आतून शिडीने वर यायचं, एवढंच आता उरलं होतं. पण आतली शिडी दादा अडकला तेव्हाच त्याच्या पायाखालून निसटून पडली होती आणि अधू पाठीने ती उचलून लावणं त्याला जमेना. आम्ही खाली लावलेली शिडी वर ओढली आणि टाकीत सोडली. कप्तान स्वतः उतरले. त्यामुळे मी आणि पोस्टमास्तरीणबाई तीन मजले उंचावर, खाली उतरायला वाट नाही, अशा बसून राहिलो.

पाच मिनिटं झाली. दहा झाली. आतून दोन आवाज येत होते, पण टाकीत एवढं घुमत होतं की एक शब्द लागत नव्हता. मी तोंडाशी जाऊन कान लावला.

“अगं, सोड,” बाई म्हणाल्या. “चार वर्षांचं साठलंय.”

मी कान काढला. आजपर्यंत त्यांच्यात काय बोलणं झालं ते मला ठाऊक नाही. दोघांनाही वेगवेगळं विचारून पाहिलं. दोघांनीही एकच सांगितलं, “काही नाही, व्हॉल्व्ह बघत होतो.”

वीस मिनिटांनी दोघं वर आले, टाकीच्या तळाच्या हिरव्या चिखलाने नखशिखांत माखलेले. खाली उतरल्यावर शिडी कुणाच्या बंबावर ठेवायची यावरून थोडी गडबड झालीच. दादा म्हणाला, तुमचीच आहे ती. कप्तान म्हणाले, छे, तुमचीच, आम्हीच आधी उचलली म्हणून काय झालं. “ठेवा हो.” “नाही, तुम्ही न्या.” आवाज चढू लागले तेव्हा बाईंनी शिडी उचलली, आमच्या बंबावर बांधली आणि दोघांना म्हणाल्या, “तुमचं ठरलं की कळवा.”

तोवर वहिनीला बातमी लागली होती. दादाची बायको पावणेपाच फूट उंच आहे, पण तिला येताना पाहून गर्दी दुभंगली. तिने आधी दादाला पाहिलं, मग कप्तानांना पाहिलं.

“कपडे काढा,” ती म्हणाली.

“इथे?” दादाने विचारलं.

“लॉन्ड्रीत आहात. आणखी कुठे काढणार? माझ्या घरात हा चिखल येणार नाही. दोघांनीही काढा.”

आमच्या कप्तानांनी मदतीसाठी माझ्याकडे पाहिलं. मी आकाशाकडे पाहिलं.

लॉन्ड्रीवाल्याने पडद्याआड नेऊन दोघांना कुठल्याशा हॉटेलच्या धुतलेल्या पांढऱ्या चादरी दिल्या आणि दोघांचे कपडे एकाच मोठ्या यंत्रात टाकले. दोन्ही दलांचे कप्तान चादरी गुंडाळून बाकावर शेजारी शेजारी बसले, उघडे पाय फरशीवर, समोर यंत्राच्या गोल काचेत त्यांचे कपडे एकमेकांत गुंतत फिरत होते. वहिनीने चहा आणून दिला. दादा कप्तानांना सांगत होता की तळाचा व्हॉल्व्ह बदलल्याशिवाय ही टाकी भरणार नाही आणि ते काम एकट्याचं नाही. कप्तान म्हणाले, शनिवारी दुपारी मोकळा आहे मी, पण पट्टा आधी काढून ठेवायचा. दादाने चहाचा घोट घेता घेता मान हलवली.

कपडे व्हायला अजून चाळीस मिनिटं होती. माझ्याकडे तीन वाजता एक बाई कान तपासायला येणार होत्या, म्हणून मी पोस्टमास्तरीणबाईंबरोबर बंबात बसून निघाले.